सँ-मालोच्या तटावरून

फ्रान्सला जाऊन आलेला मनुष्य भेटला, की लोक पहिला प्रश्न विचारतात तो आयफेल टॉवरचा. मलाही तो विचारला गेला. टॉवर मी पाहिला. तो चित्रात दिसतो तसाच आहे. परंतु त्या तीन आठवड्यांतला कोणता दिवस मनात राहिला असे कोणी विचारील, तर तो पॅरिसमधला नव्हे. तो ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या सँ-मालो नावाच्या एका कोटबंद गावातला आहे.

त्याचे असे झाले. आमचा मेहुणा नोकरीनिमित्त रेन शहरात राहतो. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत त्याने आम्हां उभयतांना आग्रहाने बोलावून घेतले. निघण्याच्या आदल्या दिवशी मालवणहून थोरल्या बंधूंचे पाकीट आले. आमचे मालवणचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे, आजोबांनी बांधलेले. २०२१ सालच्या तौक्ते वादळात मागची पडवी कोसळली आणि माजघरावरचे छप्पर गेले, ते तसेच राहिले. आता एका बिल्डरने जागा मागितली होती. कागदावर तिघा भावांपैकी दोघांच्या सह्या झाल्या होत्या; तिसऱ्या सहीची जागा रिकामी होती. सोबत दादांची चार ओळींची चिठ्ठी : ‘पडक्या घराला किती दिवस धरून बसणार? सही करून पाठव.’ दादांचे म्हणणे खोटे नव्हते. प्रवासात निवांतपणे सही करू, असे म्हणून मी ते पाकीट बॅगेत टाकले आणि विमानात बसलो.

रेनहून सँ-मालोला आगगाडीने तासाभराच्या आत पोहोचता येते. आम्ही सकाळची गाडी धरली. त्या दिवशी एकादशी होती. सौ.चा उपवास. मेहुण्याला ही बातमी गाडीत कळली आणि त्याचा चेहरा उतरला.

“ताई, अगं तिथे मी तुला जेवायला नेणार होतो!”

“तुम्ही दोघं जेवा. माझ्याजवळ राजगिऱ्याचे लाडू आहेत,” सौ. म्हणाली. ज्या बाईने पॅरिसमध्ये लाडूंवर तीन दिवस काढले, तिला सँ-मालोची काय मातब्बरी!

स्टेशनातून बाहेर पडून पंधरा-वीस मिनिटे चालले, की एकदम समोर तट येतो. करड्या ग्रॅनाइटचा, रुंद, भक्कम तट. आणि त्यावरून डोकावणारी उंच घरे, पाटीच्या दगडाची उतरती छपरे आणि धुराड्यांची रांग. मध्ये कॅथेड्रलचा टोकदार मनोरा. गाव मुळात खडकाळ बेटावर वसलेले. जमिनीशी ते एका चिंचोळ्या पट्टीने जोडले गेले. एका बाजूला बंदर, उरलेल्या बाजूंना इंग्लिश खाडी. पाहताक्षणीच मी म्हणालो, “अरे, हा तर आमचा सिंधुदुर्ग!” मेहुणा हसला. “भाऊजी, नावसुद्धा जुळतंय. मालो आणि मालवण!” मराठीच्या प्राध्यापकाने असल्या व्युत्पत्तीवर विश्वास ठेवू नये. पण इथल्या खलाशांनी जगाच्या नकाशावर आपले नाव खरोखरच सोडले आहे. १७६४ साली फ्रेंचांनी दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर वसाहत केली, तेव्हा त्या बेटांना सँ-मालोवरून ‘मालुइन’ म्हटले. स्पॅनिश लोक आजही त्यांना ‘माल्व्हिनास’ म्हणतात.

सँ-व्हँसाँ दरवाजातून आत शिरून आम्ही लगेच जिना चढून तटावर गेलो. तटावर फिरायला तिकीट नाही. पुरा वेढा जेमतेम पावणेदोन किलोमीटरचा. पण तो चालायला आम्हाला दीड तास लागला, कारण दर दहा पावलांवर थांबावेसे वाटते. जुन्यात जुना भाग बाराव्या शतकातला. अठराव्या शतकात, व्होबाँ या प्रख्यात दुर्गरचनाकाराच्या शाळेतल्या गाराँजोने गावाचा घेर वाढवला आणि तटही पुढे सरकवला. चालताना एका हाताला समुद्र, वाळू आणि बेटांवरचे छोटे किल्ले, तर दुसऱ्या हाताला लोकांच्या वरच्या मजल्यांच्या खिडक्या.

हे गाव मोठे गर्विष्ठ. आम्ही फ्रेंचही नव्हे आणि ब्रेतॉनही नव्हे, आम्ही सँ-मालोचे, असे इथले लोक पूर्वीपासून म्हणत आले. नुसते म्हणालेच नाहीत. १५९० ते १५९४ अशी चार वर्षे त्यांनी गावाचे स्वतंत्र प्रजासत्ताक चालवून दाखवले. कॅनडाचा शोध घेणारा झाक कार्तिये इथला; १५३४ साली तो इथूनच निघाला. आणि तटावर हात समुद्राकडे रोखून उभा असलेला पुतळा आहे तो रोबेर स्युर्कूफचा. या गृहस्थाचा आपल्याशीही संबंध आहे. राजाच्या परवान्याने शत्रूची जहाजे लुटणारे जे दर्यावर्दी होते, त्यांतला हा अग्रणी. १८०० सालच्या ऑक्टोबरात त्याने बंगालच्या उपसागरात ईस्ट इंडिया कंपनीचे ‘केंट’ हे आपल्या जहाजाहून कितीतरी मोठे जहाज पकडले. १७४६ साली इंग्रजांकडून मद्रास घेणारा माए द ला बुर्दोने हाही याच गावचा. इंग्रजांची फजिती ऐकून आपल्याला बरे वाटते हे खरे. परंतु हेही सांगितले पाहिजे, की स्युर्कूफने गुलामांचा व्यापारही केला होता. ग्रॅनाइटच्या त्या ऐटबाज घरांच्या पायात आपल्याकडची मिरी आणि सुती कापड जसे आहे, तसे माणसांचे मोलही आहे.

तटाच्या पश्चिम टोकाला मेहुण्याने एक जागा दाखवली. तिथे रात्रीच्या पहाऱ्याचे कुत्रे ठेवीत. बंदरातल्या मालाची चोरी होऊ नये म्हणून रात्री दरवाजे लागले, की हे अजस्र कुत्रे वाळूवर मोकळे सोडायचे. शेकडो वर्षे ही पद्धत चालली. १७७० साली वेळेत न परतलेल्या एका तरुण आरमारी अधिकाऱ्याला त्यांनी फाडून खाल्ले, तेव्हा कुठे ती बंद झाली.

अकराच्या सुमारास पुरी ओहोटी होती. किनाऱ्यासमोरच्या ग्राँ बे नावाच्या बेटावर ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. तिथे शातोब्रियाँची समाधी आहे. फ्रेंच साहित्यातला हा मोठा लेखक १७६८ साली याच गावात जन्मला. आपल्याला इथे, समुद्राकडे तोंड करून पुरावे, ही जागा त्याने जिवंतपणीच मागून घेतली होती. १८४८ मध्ये तो गेला. समाधी म्हणजे एक साधी शिळा, एक क्रूस, भोवती कठडा. शिळेवर नाव नाही. आयुष्यभर शब्दांशी खेळलेल्या माणसाने शेवटी एवढे मौन पाळावे, याचे मला फार कौतुक वाटले. मी बराच वेळ तिथे बसून राहिलो आणि तिथेच चुकलो.

सँ-मालोची भरती-ओहोटी युरोपातल्या सर्वांत मोठ्यांपैकी. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी पाच मीटरच्या आसपास चढते. इथे उधाणाला तेरा मीटरपर्यंतचा फरक पडतो. अटलांटिकचे पाणी इंग्लिश खाडीत शिरते आणि या कोपऱ्यात कोंडले जाऊन चढत जाते. या पाण्यावर जवळच्या राँस नदीच्या मुखाशी १९६६ सालापासून वीज काढली जाते. भरतीच्या पाण्यावर चालणारे जगातले ते पहिले मोठे वीजकेंद्र. वाटेवर सूचनांच्या पाट्याही आहेत. पण मी मालवणचा! “आज एकादशी,” मी मेहुण्याला ऐकवले, “म्हणजे भांगाचं पाणी. उधाणाला अजून चार दिवस आहेत. समुद्राची भाषा मला कुणी शिकवू नये.” सौ. शिंपले वेचीत होती. इतक्यात खालून एक म्हातारा कोळी हात हलवून ओरडू लागला. पाहतो तो वाटेच्या फरसबंदीवरून पाणी सरकत होते. वाट बुडाली तर पाणी उतरेपर्यंत बेटावरच थांबायचे, असा तिथला नियम. शेवटचा पन्नास पावलांचा टप्पा आम्ही बूट हातात घेऊन, मेहुण्याच्या आधाराने पार केला. सौ. एवढेच म्हणाली, “अहो, भांगाचं पाणी बरंच थंड असतं, नाही?”

दीड वाजला होता आणि दोननंतर इथली स्वयंपाकघरे बंद होतात. एका अरुंद गल्लीतल्या लहानशा खाणावळीत आम्ही ओल्या पायांनीच शिरलो. आणि इथे उपवासाच्या प्रश्नाला अनपेक्षित उत्तर मिळाले.

ब्रिटनीच्या या भागातले मुख्य अन्न म्हणजे गालेत. एका मोठ्या गोल लोखंडी तव्यावर, ज्याला ब्रेतॉन भाषेत बिलिग म्हणतात, पातळ पीठ ओतायचे. लाकडी टी-आकाराच्या दांडीने ते भराभर गोल पसरायचे. उलटून त्यावर लोणी, चीज, अंडे, हॅम जे काय हवे ते घालायचे आणि चारी कडा आत दुमडून चौकोन करायचा. म्हणजे आपले धिरडेच! गव्हाच्या पिठाचे गोड करतात ते क्रेप, हे तिखटामिठाचे. आणि याचे पीठ गव्हाचे नसते, कुट्टूचे असते. हे काळसर त्रिकोणी दाणे आशियातून आले, म्हणून फ्रेंच त्याला ‘साराझँ’ म्हणजे अरबांचे धान्य म्हणतात. वास्तविक ते धान्य नव्हेच. वनस्पतिशास्त्राप्रमाणे ते आपल्या चुक्याच्या कुळातले. हलक्या, आंबट जमिनीत ते तीन-साडेतीन महिन्यांत हाती येते, म्हणून गहू न पिकणाऱ्या गरीब ब्रिटनीला त्याने शतकानुशतके जगवले.

“कुट्टू? म्हणजे उत्तरेकडे उपवासाला खातात तोच?” सौ.ने विचारले.

“तोच, ताई.”

“आपल्याकडे चालतो का?”

दोघांनी माझ्याकडे पाहिले. जणू मी धर्मसिंधू खिशात घेऊन हिंडतो! मी म्हणालो, “वऱ्याच्या तांदळाला तांदूळ म्हणून चालवता, तर या गव्हाला गहू नाही म्हणून चालवायला काय हरकत?” मेहुण्याने आत जाऊन चौकशी केली. पिठात कुट्टू, पाणी आणि मीठ, याखेरीज काही नाही. अंडे नको, हॅम नको, फक्त लोणी, आणि तवा जरा पुसून, अशी त्याने बाईंना विनंती केली. त्यांनी कारण विचारले. आमच्या देवाचा दिवस आहे, असे त्याने सांगितल्यावर त्यांनी तवा नुसता पुसला नाही, चांगला घासला.

लोणी इथले खारे. जुन्या काळी फ्रान्सभर मिठावर जबर कर असे; ब्रिटनीला तो माफ होता, म्हणून इथे लोण्यात मीठ घालण्याची चैन गरिबालाही परवडली. गालेतबरोबर मातीच्या वाडग्यातून सफरचंदाची सायडर पितात. ती मेहुण्याने घेतली. पण जुनी रीत आणखी एक आहे : ‘ले रिबो’. पांढरे, दाट, आंबूस पेय सौ.पुढे आले. तिने घोट घेतला आणि डोळे मोठे केले. “अहो, हे तर ताक!” खरोखरच ते ताक होते. सात हजार किलोमीटरांवर येऊन आमच्या घरची लक्ष्मी धिरडे आणि ताक खात होती.

मी अंडे आणि चीज घातलेले गालेत खाल्ले आणि, खोटे कशाला बोला, पुढे सहा कालवेही खाल्ली. पंधरा किलोमीटरांवरच्या कांकाल गावची ती प्रसिद्ध कालवे. लिंबू पिळून कच्चीच गिळायची. पहिल्याला आईच्या हातच्या कालवांच्या सांबाऱ्याची फार आठवण झाली; चौथ्यापासून ती कमी होत गेली. सौ. तेवढा वेळ भिंतीवरचे एक छायाचित्र पाहत होती.

त्या छायाचित्रानेच पुढची गोष्ट निघाली. चित्रात सगळा तट शाबूत होता आणि आत गावच नव्हते. विटा-दगडांचे ढीग आणि काही उभ्या भिंती. खाली साल होते १९४४.

ऑगस्ट १९४४. नॉर्मंडीत उतरलेले अमेरिकन सैन्य ब्रिटनीत शिरले होते आणि सँ-मालोच्या परिसरात जर्मनांनी भक्कम ठाणी धरली होती. कोटाच्या आत हजारो जर्मन आहेत अशी अमेरिकनांची समजूत. प्रत्यक्षात आत मूठभरच होते. तोफा आणि आगीचे गोळे गावावर पडले. जर्मनांनी जाता जाता बंदर उडवून दिले. गावातल्या शेकडो पुरुषांना त्यांनी समोरच्या बेटावरच्या किल्ल्यात कोंडले होते. तिथे गोळा पडून काहीजण मेले. आग विझवायला पाणी नव्हते. १७ ऑगस्टला जर्मन सेनापतीने शरणागती दिली, तेव्हा तटाच्या आतल्या ८६५ इमारतींपैकी १८२ उभ्या होत्या.

म्हणजे सकाळपासून जे गाव आम्ही मध्ययुगीन म्हणून पाहत होतो, ते बहुतेक माझ्या वडिलांच्या वयाचे होते! क्षणभर मला फसवले गेल्यासारखे वाटले.

युद्धानंतर फ्रान्समध्ये हा प्रश्न अनेक गावांपुढे आला. इथून पूर्वेकडचे ल हाव्र बंदर असेच बेचिराख झाले होते. तिथे ऑग्युस्त पेरे या वास्तुशिल्पज्ञाने जुने सारे बाजूला ठेवून काँक्रीटचे नवे शहर उभारले. सँ-मालोने उलट वाट धरली. लुई आरेत्शच्या देखरेखीखाली गाव पुन्हा ग्रॅनाइटमध्ये बांधले. तीच उंची, तीच उतरती छपरे, तीच धुराडी. हुबेहूब नक्कल मात्र केली नाही. गल्ल्या थोड्या रुंद केल्या, अंधाऱ्या चौकांत उजेड आणला. घरे १९६० च्या सुमाराला बहुतेक पुरी झाली. कॅथेड्रलचे काम १९७२ पर्यंत चालले. ल हाव्र चुकले असे नव्हे. ते २००५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. दोन गावांनी एकाच दुःखाला दोन उत्तरे दिली, एवढेच.

खाणावळीच्या बाई सत्तरीच्या. दोन वाजून गेले होते, तवा विझला होता; त्या येऊन आमच्या टेबलाशी बसल्या आणि मेहुणा दुभाष्या झाला. त्यांची आई १९४४ साली सोळा वर्षांची होती. घर जळाले. दहा-अकरा वर्षे कुटुंब कोटाबाहेर लाकडी बराकीत राहिले. मग नवे घर मिळाले. जागांची नव्याने वाटणी झाल्यामुळे ते नेमके जुन्या जागी नव्हते. दार डावीकडचे उजवीकडे आले होते.

“आई कित्येक वर्षं अंधारात उठली की डावीकडे वळायची आणि भिंतीवर आदळायची,” बाई हसत म्हणाल्या.

सौ.ने विचारले, “म्हणजे हे घर जुनं म्हणायचं की नवं?”

बाईंनी जरा विचार केला. “आई मरेपर्यंत त्याला नवं घर म्हणायची. मी इथेच जन्मले. मी त्याला नुसतं घर म्हणते.”

पण त्यांचे खरे दुःख वेगळेच होते. या गल्लीतल्या निम्म्या खिडक्या हिवाळ्यात अंधारी असतात, त्या म्हणाल्या. घरे मुंबई-पुण्यासारखीच महाग झाली. सुट्टीपुरते येणारे आणि प्रवाशांना दिवसाच्या भाड्याने देणारे लोक ती घेतात. २०२१ पासून शहराने अशा भाड्याच्या घरांवर मर्यादा घातली आहे. “भिंती उभ्या करता येतात हो. शेजारी कुठून आणायचा?” त्यांनी विचारले. याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

दुपारी गल्ल्यांतून हिंडून, कॅथेड्रलमधली कार्तियेची कबर पाहून, साखर आणि लोण्याचे थर दिलेला ‘कुइन-आमान’ नावाचा केक विकत घेऊन (तो द्वादशीला सोडायचा होता) आम्ही पावणेपाचला पुन्हा तटावर गेलो. भरती पुरी झाली होती. सकाळी ज्या वाटेने चालत गेलो, तिच्यावर आता हिरवे पाणी डोलत होते. खालच्या वाळूवर समुद्राच्या पाण्याचे एक पोहण्याचे तळे बांधले आहे. त्याचे काठ बुडाले होते आणि उडी मारायचा मनोरा तेवढा समुद्रात एकटा उभा होता. पोरे त्यावरून उड्या मारीत होती.

मी बॅगेतून दादांचे पाकीट काढले. सौ. माझ्याकडे पाहतच होती.

“सही करणार?”

“तुला काय वाटतं?”

“छप्पर घालता येईल हो,” ती म्हणाली, “पण राहणार कोण तिथे? वर्षातून आठ दिवस जाऊन कुलूपच उघडायचं असेल, तर त्या बाईंच्या अंधाऱ्या खिडक्यांत आपली एक भर.”

मी गप्प राहिलो. आमच्या सिंधुदुर्गाचेही असेच आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचा पाया घातला. २०२५ साली तो जागतिक वारशाच्या यादीत गेला, याचा अभिमान आम्हां मालवणकरांना आहेच. पण लहानपणी होडीतून तिकडे जाताना मला तटाहून अधिक नवल वाटे ते आत राहणाऱ्या मोजक्या कुटुंबांचे. त्यांच्या दारातल्या तुळशीचे. सँ-मालोच्या लोकांनी घरे पुन्हा बांधली ती पाहुण्यांना दाखवायला नव्हे. बराकीतून उठून त्यांना तिथे राहायला जायचे होते. आमच्यापैकी कोणाला जायचे होते? दादा रत्नागिरीला, मधला नाशिकला, मी पुण्याला. छप्पर गेले २०२१ साली. आम्ही तर त्याच्या कितीतरी आधी गेलो होतो.

परतीच्या गाडीत मी दादांना लिहिले : ‘सही अजून केलेली नाही. रागावू नये. माजघराच्या छपराचा खर्च मी विचारतो. निवृत्तीनंतर आम्ही दोघे तिथे राहू शकू का, हे आधी आमचे आम्हाला ठरवू द्या. दिवाळीला तिघेही घरी जमू आणि काय ते समोरासमोर ठरवू. नाहीच जमले, तर त्याच बैठकीत सही करीन.’ चिठ्ठी सौ.ने वाचली आणि ‘आम्ही दोघे’ या शब्दांवर बोट ठेवून मला विचारले, “हे मला कधी विचारलंत?” मग जरा वेळाने तिनेच ती मोबाइलवरून पाठवून दिली.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा आम्ही मालवणात असू. सुताराला बोलावले आहे. वासे आणि कौले यांचा अंदाज तो देणार आहे. बैठकीत काय ठरेल ते आज सांगता येत नाही. सौ.ने मात्र कुट्टूच्या पिठाच्या दोन पुड्या बांधून घेतल्या आहेत. आईचा बिडाचा तवा मागच्या पडवीतल्या ढिगाऱ्याखाली असावा, असे दादा म्हणतात. गेल्यावर आधी तो शोधायचा आहे.